‘डॅक्टिलोस्कोपी’ हा शब्द कोणी घडवला आणि का

प्रश्न एका भाषांतरकार बाईंचा आहे. गुन्हे-तपासावरील इंग्रजी मजकूर मराठीत आणताना त्यांना ‘डॅक्टिलोस्कोपी’ हा शब्द भेटला. शब्दकोशात ‘बोटांच्या ठशांवरून व्यक्तीची ओळख पटवण्याची पद्धत’ असा अर्थ मिळाला, पण शंका उरल्या. ‘फिंगरप्रिंट’ हा साधा, सुटसुटीत शब्द हाताशी असताना इंग्रजीने हे अवजड ग्रीक नाव कशासाठी घेतले? ग्रीकांना ही विद्या ठाऊक होती का? आणि मराठीत या शब्दासाठी काय वापरावे?

मी भाषाशास्त्रज्ञ नाही. अंगुलीमुद्रा तज्ज्ञ म्हणून तीस वर्षांहून अधिक काळ भिंग आणि सर्च स्लिपा (तपासणीसाठी ठसे उमटवलेल्या पत्रिका) यांच्या संगतीत काढला आणि आता निवृत्त आहे. परंतु ज्या शब्दावर आपले पोट भरले त्याचे मूळगाव कोणते, हे पाहण्याची हौस मला नोकरीत असतानाच लागली होती, आणि त्या शोधात जे हाती लागले ते कामातही उपयोगी पडले. म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

ग्रीकांचा या शब्दाशी संबंध केवळ सुट्या भागांपुरता आहे. ‘डॅक्टिलोस्कोपी’ हा शब्द अथेन्समध्ये नव्हे, तर अर्जेंटिनामध्ये, आणि तोही १८९४ साली, स्पॅनिश भाषेत ‘डाक्तिलोस्कोपिया’ या रूपाने जन्मला. तो सुचवणारा माणूस पोलीस नव्हता, संख्याशास्त्रज्ञ होता. तो ज्याच्या पद्धतीला दिला गेला तो पोलीस कर्मचारी मूळचा दाल्मेशियाचा, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या किनारपट्टीचा. इंग्रजीने तो युरोपातून फिरून आल्यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उचलला आणि घरात घेतला तरी ओसरीवरच बसवून ठेवला. एवढे सांगून थांबता येईल, परंतु खरी गंमत अशी की हा शब्द रिकाम्या जागेवर आलेला नाही. त्याने आणखी एका शब्दाला हटवून जागा मिळवली, आणि त्या दोन शब्दांतला फरक म्हणजेच आमच्या विद्येचा गाभा आहे.

त्यासाठी आधी पॅरिसला जावे लागते. १८७९ साली तिथल्या पोलीस मुख्यालयात अल्फोन्स बर्तिलाँ नावाचा एक कारकून नोकरीला लागला. वारंवार गुन्हे करणारे लोक दर वेळी नवे नाव सांगत असत आणि जुन्या नोंदी नावाच्या क्रमाने लावलेल्या असल्यामुळे त्यांचा उपयोग होत नसे. बर्तिलाँने यावर उपाय काढला तो मोजमापाचा. उंची, दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी, डोक्याची लांबी व रुंदी, उजवा कान, डावे पाऊल, डाव्या हाताचे मधले बोट अशी एकूण अकरा मापे कर्कटासारख्या उपकरणांनी घ्यायची आणि त्या आकड्यांनुसार कार्डे लावायची, अशी ही पद्धत होती. प्रौढ माणसाची हाडे बदलत नाहीत, या गृहीतकावर ती उभी होती. तिला शास्त्रीय नाव मिळाले ‘अँथ्रोपोमेट्री’, म्हणजे मानवमापन, आणि बोलीतले नाव मिळाले ‘बर्तिलोनाज’. १८८३ पासून तिचा बोलबाला झाला आणि पुढच्या दहा वर्षांत जगभरच्या पोलिसांना ओळख पटवणे म्हणजे मोजणे, असेच वाटू लागले. आपल्याकडे बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांनीही आरंभी हीच पद्धत राबवली होती.

हीच लाट अर्जेंटिनात पोहोचली. ब्वेनोस आयरेस प्रांताची राजधानी ला प्लाता येथील पोलीस दलात हुआन वुसेतिच नावाचा कर्मचारी होता. त्याचा जन्म १८५८ साली एड्रियाटिक समुद्रातल्या ह्वार बेटावर झाला. हे बेट तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते, आज क्रोएशियात आहे. मूळ नाव इव्हान वुचेतिच. स्थलांतर केल्यावर इव्हानचा हुआन झाला. १८९१ साली त्याचे वरिष्ठ गिलेर्मो नुन्येझ यांनी त्याला बर्तिलाँच्या धर्तीवर मानवमापनाचे कार्यालय उभारण्याचे काम दिले आणि सोबत ‘रेव्ह्यू सिआँतिफिक’ या फ्रेंच नियतकालिकाचा एक अंकही दिला. त्या अंकात ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॅल्टन यांनी बोटांच्या ठशांवर दिलेल्या व्याख्यानाची हकीकत होती. वुसेतिचने सांगितलेले काम केलेच, पण त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून कैद्यांच्या मापांच्या जोडीला त्यांच्या दहाही बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, आणि पाहता पाहता त्याला जोडीला घेतलेली गोष्टच मुख्य वाटू लागली.

या नव्या प्रकाराला त्याने नाव दिले ‘इक्नोफालांगोमेत्रिया’. उच्चारताना जीभ अडखळते, हे खरेच. पण शब्द फोडून पाहावा. ‘इख्नोस’ म्हणजे माग किंवा पाऊलखूण, ‘फालांक्स’ म्हणजे बोटाचे पेर आणि ‘मेट्रॉन’ म्हणजे माप. एकत्र अर्थ झाला ‘पेरांच्या खुणांचे मापन’. ज्या माणसाला ठशांचे मर्म एवढे उमगले होते, त्यानेही नाव देताना शेवटी ‘मापन’च लावले, कारण त्याचे कार्यालयच मापनाचे होते आणि त्या काळात शास्त्र म्हटले की मापन हे ठरलेले होते.

पुढच्याच वर्षी, १८९२ च्या जूनमध्ये, त्याच प्रांतातल्या नेकोचेआ या गावी दोन लहान मुलांचा खून झाला. मुलांची आई फ्रान्सिस्का रोहास हिच्याही गळ्यावर जखम होती आणि तिने शेजारच्या वेलास्केझ नावाच्या माणसावर आरोप केला. तपासासाठी आलेल्या एदुआर्दो आल्वारेझ या निरीक्षकाने वुसेतिचची पद्धत शिकून घेतलेली होती. त्याला दारावर रक्ताने उमटलेला अंगठ्याचा ठसा दिसला; त्याने लाकडाचा तेवढा भाग कापून घेतला आणि तो ठसा आईच्याच अंगठ्याशी जुळला. ठसा समोर ठेवल्यावर तिने गुन्हा कबूल केला. खुनाच्या खटल्यात अंगुलीमुद्रेवरून दोष सिद्ध झाल्याचे हे जगातले पहिले उदाहरण मानले जाते. शब्दाच्या कथेत ते सांगण्याचे कारण एवढेच की या प्रकरणात फूटपट्टीचा काहीही संबंध आला नाही. आल्वारेझने दोन ठसे शेजारी ठेवले आणि डोळ्यांनी पाहिले.

ही गोष्ट नावातही यायला हवी, हे फ्रान्सिस्को लात्झिना यांना सुचले. लात्झिनाही स्थलांतरित, जन्म आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या मोराव्हियातला. ते अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय संख्याशास्त्र खात्याचे प्रमुख होते. १८९४ च्या सुरुवातीला ब्वेनोस आयरेसच्या ‘ला नासिओन’ या वृत्तपत्रात वुसेतिचच्या कामाची दखल घेताना त्यांनी सुचवले की हे अगडबंब नाव टाकून द्यावे आणि ‘डाक्तिलोस्कोपिया’ म्हणावे. ‘डाक्टिलोस’ म्हणजे बोट आणि ‘स्कोपेइन’ म्हणजे निरखून पाहणे. वुसेतिचने ते मान्य केले, पुढे पद्धतीतून मानवमापन वगळले आणि १९०४ साली ‘दाक्तिलोस्कोपिया कोम्पारादा’ म्हणजे ‘तुलनात्मक अंगुलीमुद्राशास्त्र’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आयुष्यभर आकडेमोड केलेल्या माणसाने ‘मोजणे’ काढून त्या जागी ‘पाहणे’ ठेवावे, याचे मला नेहमी कौतुक वाटते. कदाचित मोजणे म्हणजे नक्की काय, हे त्यांनाच अधिक चांगले ठाऊक असावे.

हे दोन्ही ग्रीक धातू आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. ‘मेट्रॉन’ आणि आपली ‘मात्रा’ या एकाच मूळ धातूच्या लेकी आहेत. ‘स्कोपेइन’चे मूळ रूप वर्णांची अदलाबदल होऊन बनलेले असून संस्कृतातले ‘पश्यति’ आणि हेर या अर्थाचा ‘स्पश’ हे शब्द त्याच घराण्यातले. गुप्तहेराला संस्कृतात ‘पाहणारा’ म्हणत आणि आमच्या विद्येच्या नावातही तोच पाहणारा बसलेला आहे. ‘स्कोप’ आणखी एका वाटेने आपल्या परिचयाचा आहे: ‘हॉरोस्कोप’ या शब्दातला ‘हॉरा’ म्हणजेच आपल्या ज्योतिषात ग्रीकांकडून आलेली ‘होरा’, आणि तिचा ‘स्कोप’ म्हणजे ती वेळ पाहणारा.

‘डाक्टिलोस’चा गोतावळाही मोठा आहे. पंखाचे बोट असलेला प्राचीन उडता सरपटणारा प्राणी म्हणजे ‘टेरोडॅक्टिल’. एक दीर्घ आणि दोन ऱ्हस्व अवयवांचा ग्रीक छंदातला गणही ‘डॅक्टिल’च, कारण बोटाला एक लांब आणि दोन आखूड पेरे असतात. खजुराला इंग्रजीत ‘डेट’ म्हणतात तो शब्दही लॅटिन आणि फ्रेंच यांच्या मार्गे याच ‘डाक्टिलोस’पासून आला आहे.

आता नावातला हा बदल व्यवहारात किती खरा आहे, ते अनुभवावरून सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका सत्र न्यायालयात माझी उलटतपासणी चालू होती. घरफोडीचे प्रकरण होते, कपाटाच्या काचेवर मिळालेला चान्स प्रिंट, म्हणजे घटनास्थळी राहिलेला ठसा, आरोपीच्या उजव्या तर्जनीशी जुळल्याचा माझा अहवाल होता. बचाव पक्षाच्या वकीलसाहेबांनी विचारले, “दोन्ही ठशांतील बिंदूंमधील अंतरे आपण मिलिमीटरमध्ये मोजली का?” मी म्हणालो, “नाही.” वकीलसाहेब न्यायाधीशांकडे वळून अशा नजरेने पाहू लागले की जणू खटला तिथेच संपला. मग मला समजावून सांगावे लागले की बोटाची त्वचा लवचीक असते. तेच बोट काचेवर हलके टेकवले, जोराने दाबले किंवा किंचित सरकवले, तर त्याच दोन बिंदूंमधले अंतर दर वेळी वेगळे येते. शिवाय मूल मोठे होते तशी अंतरे वाढत जातात. बदलत नाही तो रेषांचा क्रम: कोणती रेषा कुठे संपते, कोणती दुभंगते, त्या दुभंगाच्या डावीकडे किती रेषा सोडून पुढचा शेवट येतो, हे गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ठरू लागते आणि मरणानंतर कातडी कुजेपर्यंत टिकते. म्हणून आम्ही अंतरे मोजत नाही. रेषा मोजतो, म्हणजे गणतो, आणि त्यांचा परस्परसंबंध पाहतो. मापणे आणि गणणे या दोन्हींना मराठीत ‘मोजणे’ हा एकच शब्द आहे, त्यामुळे त्या दिवशी मला बरेच कष्ट पडले. वर्ग भरवताना मी पुढे हाच प्रसंग सांगत असे, कारण ‘मेत्रिया’ जाऊन ‘स्कोपिया’ का आले, हे कोणत्याही शब्दकोशापेक्षा तो अधिक नीट सांगतो.

आता इंग्रजीकडे वळू. इंग्रजीत आधी चालत असलेला साधा शब्द होता ‘फिंगर-मार्क’, म्हणजे बोटाचा डाग. टोकियोच्या त्सुकिजी रुग्णालयात काम करणारे स्कॉटिश मिशनरी डॉक्टर हेन्री फॉल्ड्स यांनी २८ ऑक्टोबर १८८० च्या ‘नेचर’मध्ये पत्र लिहून गुन्हेगार शोधण्यासाठी बोटांच्या खुणांचा उपयोग करता येईल असे सुचवले. त्यांच्या पत्रातला शब्दप्रयोग ‘रक्ताने माखलेले फिंगर-मार्क’ असा आहे. महिन्याभरातच बंगालमध्ये नोकरी केलेले विल्यम हर्शेल यांनी त्याच नियतकालिकात उत्तर देऊन आपण हे कित्येक वर्षांपूर्वीपासून वापरत आहोत असे सांगितले. हर्शेल यांची सुरुवात १८५८ ची. जंगीपूर येथे राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार करताना त्यांनी सहीबरोबर त्याच्या उजव्या हाताचा पंजा शाईने उमटवून घेतला. हेतू शास्त्रीय नव्हता; पुढे सही नाकारण्याची त्याची छाती होऊ नये, एवढाच होता. स्वतःच्या हाताचे ठसे अनेक दशकांच्या अंतराने घेऊन रेषा बदलत नाहीत हे दाखवण्याचे श्रेय मात्र हर्शेल यांचेच.

‘फिंगर प्रिंट’ या जोडशब्दाला पारिभाषिक वजन आले ते गॅल्टन यांच्या १८९२ च्या ‘फिंगर प्रिंट्स’ या ग्रंथाने. त्यातला ‘फिंगर’ अस्सल जर्मानिक कुळातला आहे आणि बहुतेक व्युत्पत्तिकार त्याचे नाते ‘पाच’ या संख्येशी, म्हणजे आपल्या ‘पंच’शी जोडतात. ‘प्रिंट’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला, त्याचा मूळ अर्थ दाबणे. तेव्हा ‘दाबून उमटवलेले’ हा भाव ‘प्रिंट’मध्ये आहे, ‘मार्क’मध्ये नाही. ब्रिटनमधले तज्ज्ञ आजही हा भेद पाळतात: ओळख पटलेल्या माणसाकडून शाई लावून घेतलेला तो ‘प्रिंट’ आणि घटनास्थळी अभावितपणे राहिलेला तो ‘मार्क’. आपण भारतात दुसऱ्याला ‘चान्स प्रिंट’ म्हणतो. मला आपला शब्द अधिक बोलका वाटतो, कारण तो ठसा सापडणे हा खरोखरच योगायोग असतो.

फॉल्ड्स यांना मात्र ग्रीक शब्दाचा मोह होता. १९१२ साली त्यांनी जे पुस्तक काढले त्याच्या नावात ‘डॅक्टिलोग्राफी’ असा शब्द आहे. ‘ग्राफी’ म्हणजे लेखन. बोटाने काढलेले लेखन म्हणजे ठसा, ही कल्पना सुंदर आहे, पण शब्द टिकला नाही, कारण जागा आधीच भरलेली होती. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये त्याच शब्दाचा अर्थ टंकलेखन असा होतो. ‘डॅक्टिलॉलॉजी’ हा शब्द तर त्याही आधीपासून मूकबधिरांच्या बोटांच्या भाषेसाठी राखलेला होता. लात्झिनांनी निवडलेली जागा योगायोगाने मोकळी होती. फॉल्ड्स आणि हर्शेल यांचा श्रेयाचा वाद मात्र शब्दांतूनच लढला गेला असे म्हणता येईल. फॉल्ड्स यांनी ग्रीक नाव पुढे केले, तर हर्शेल यांनी १९१६ साली पुस्तक लिहून त्याला ‘द ओरिजिन ऑफ फिंगर-प्रिंटिंग’ असे साध्या इंग्रजीत नाव दिले. नावाच्या बाबतीत तरी हर्शेल जिंकले.

इंग्रजीत ‘फिंगरप्रिंट’च घट्ट बसण्यामागे माझ्या मते कलकत्त्याचा वाटा मोठा आहे. हेन्री यांच्या कार्यालयात मानवमापनाची कार्डे साचत होती आणि मापे घेणाऱ्यांच्या चुकांमुळे एकाच माणसाची कार्डे वेगवेगळ्या कप्प्यांत जात होती. १८९७ साली सरकारने नेमलेल्या दोन सदस्यांच्या समितीने, म्हणजे सर्व्हेअर जनरल स्ट्रॅहन आणि रसायनशास्त्रज्ञ पेडलर यांनी, ठशांच्या बाजूने कौल दिला, आणि त्याच वर्षी कलकत्त्यात जगातल्या आरंभीच्या अंगुलीमुद्रा केंद्रांपैकी एक सुरू झाले. दहा बोटांच्या ठशांना १०२४ प्राथमिक गटांत वाटण्याचे जे गणित पुढे हेन्री यांच्या नावाने जगभर चालले, त्याच्या मांडणीत अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचे काम होते, हे नाव घेऊन सांगितले पाहिजे. हेन्री १९०१ साली स्कॉटलंड यार्डात गेले, त्या वर्षीच्या जुलैत तिथले केंद्र उघडले, आणि कलकत्त्याचाच ‘फिंगर प्रिंट ब्युरो’ हा शब्द लंडनच्या पाटीवर चढला. त्यांना अर्जेंटिनाच्या शब्दाची गरजच पडली नाही. ज्यूरीत बसलेल्या दुकानदारांना आणि कारागिरांना पटवायचे तर ‘बोटाचा ठसा’ असे सरळ म्हणणे सोयीचेही होते. १९०५ साली स्ट्रॅटन बंधूंच्या खटल्यात रोख रकमेच्या डब्यावरच्या अंगठ्याच्या ठशावरून इंग्लंडमध्ये खुनाची पहिली शिक्षा झाली. त्या खटल्यात फॉल्ड्स बचाव पक्षाच्या बाजूला होते, हा इतिहासाचा एक उपरोध.

युरोपच्या मुख्य भूमीवर चित्र वेगळे होते. व्हिएन्नामध्ये विंड्ट आणि कोडिचेक यांचे ‘डाक्टिलोस्कोपी’ हेच नाव असलेले जर्मन पुस्तक १९०४ साली निघाले, इतर भाषांनीही ते रूप उचलले, आणि इंग्रजीत ‘डॅक्टिलोस्कोपी’ या शब्दाचा प्रवेश झाला तो परदेशी पद्धतींबद्दल लिहिताना. म्हणूनच आजही इंग्रजी ग्रंथांत हा शब्द बहुधा शास्त्राचे नाव म्हणून, प्रकरणाच्या शीर्षकात किंवा युरोपीय संदर्भात भेटतो; रोजच्या बोलण्यात कोणी वापरत नाही. मात्र त्याचे शेपूट फार फलद्रूप झाले. घामाच्या छिद्रांच्या तुलनेला फ्रेंच गुन्हे-तपास शास्त्रज्ञ एडमाँ लोकार यांनी ‘पोरोस्कोपी’ म्हटले, रेषांच्या कडांच्या अभ्यासाला कलकत्त्याच्या सलिल कुमार चटर्जींनी १९६२ साली ‘एजिओस्कोपी’ म्हटले, ओठांच्या ठशांच्या अभ्यासाला ‘कायलोस्कोपी’ म्हणतात. या सगळ्यांत ‘स्कोपी’ आहे, ‘मेट्री’ नाही. याउलट एका माणसाच्या नावावर घडलेला ‘बर्तिलोनाज’ हा शब्द पद्धतीबरोबरच इतिहासजमा झाला.

एक अपवाद सांगायलाच हवा, आणि तो आपल्या कायद्यातला आहे. १८९९ च्या दुरुस्तीने भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये हस्ताक्षराबरोबर बोटांचे ठसे आले. २०२४ साली रद्द झालेल्या त्या अधिनियमात ‘फिंगर प्रिंट’ नसून ‘फिंगर इम्प्रेशन’ असा शब्द होता. पण कैद्यांच्या ओळखीचा १९२० चा कायदा पाहावा. त्याने ‘मेझरमेंट्स’ म्हणजे मापे या शब्दाची व्याख्या करताना त्यात बोटांचे आणि पावलांचे ठसे अंतर्भूत केले. त्याच्या जागी आलेल्या २०२२ च्या कायद्यानेही ‘मापे’ हाच शब्द राखला आणि त्यात ठसे, छायाचित्रे, बुबुळांचे चित्रण असे सगळे भरले. बर्तिलाँला जाऊन शंभरावर वर्षे झाली, तरी आपल्या कायद्याच्या दृष्टीने मी आयुष्यभर मापेच घेत होतो! भाषांतर करताना इथे ‘मोजमाप’ हा शब्द जसाच्या तसा ठेवावा लागेल, कारण ती कायद्याची संज्ञा आहे. पण तिचा शब्दशः अर्थ घेऊ नये.

आता मराठीचा प्रश्न. सरकारी मराठीत ‘अंगुलीमुद्रा’ हा शब्द रुळला आहे आणि तो मला आवडतो. संस्कृतात ‘अङ्गुलिमुद्रा’ म्हणजे बोटात घालायची मोहोरेची अंगठी. शाई किंवा लाखेवर दाबून जिचा छाप उठवत, ती. ग्रीकमध्येही नेमके असेच घडले आहे. ‘डाक्टिलोस’ म्हणजे बोट, त्यापासून ‘डाक्टिलिओस’ म्हणजे अंगठी, आणि त्यापासून कोरीव मोहोरांच्या अंगठ्यांच्या अभ्यासाला ‘डॅक्टिलिऑलॉजी’ हा शब्द इंग्रजीत आला. दोन्ही संस्कृतींत बोट, अंगठी आणि छाप यांची सांगड आधीच पडलेली होती. फरक एवढा झाला की पूर्वी बोटातली अंगठी माणसाची ओळख सांगे, आता बोटच सांगते. मराठीने जुना शब्द घेऊन त्याला नवा अर्थ दिला, हे नवीन शब्द पाडण्यापेक्षा शहाणपणाचे झाले.

लिहिता न येणाऱ्याची खूण घेण्याची आपली रीतही जुनी आहे. मराठेशाहीतल्या वतनाच्या कागदांवर पाटलाच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ असे लिहून नांगराचे चित्र काढलेले आढळते. ती खूण धंद्याची होती. त्या गावातल्या कोणत्याही पाटलाला चालली असती. इंग्रजी अमलात तिच्या जागी अंगठा आला आणि खूण पहिल्यांदाच एकट्या माणसाची झाली. तोच अंगठा पुढे ‘अंगठेबहाद्दर’ असा हिणवण्याचा शब्दही देऊन गेला, हा भाग वेगळा. आज बँकेचा व्यवस्थापकही रोज सकाळी हजेरीसाठी यंत्रावर बोट टेकवतो, त्याला कोणी असे म्हणत नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. मजकुरात ‘डॅक्टिलोस्कोपी’ हे शास्त्राचे नाव म्हणून आले असेल तर ‘अंगुलीमुद्राशास्त्र’ लिहावे. प्रत्यक्ष तुलनेच्या क्रियेबद्दल असेल तर ‘अंगुलीमुद्रा-परीक्षण’ लिहावे, कारण ‘परीक्षण’ मध्ये ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे आहे आणि ‘स्कोपी’चा अर्थ तिथे पुरेपूर उतरतो. ‘अंगुलीमापन’ असा शब्द एका जुन्या परिभाषा-टिपणात मी पाहिला होता. तो कटाक्षाने टाळावा, लात्झिनांनी जी चूक दुरुस्त केली ती पुन्हा करण्यासारखे ते होईल. बातमीच्या भाषेत ‘ठसेतज्ज्ञ’ उत्तम आहे. ‘श्वानपथक व ठसेतज्ज्ञांना पाचारण करण्यात आले’ हे वाक्य वाचल्याशिवाय आपल्याकडे घरफोडीची बातमी पुरी होत नाही, आणि त्या वाक्यात माझ्या व्यवसायाला जो मान मिळतो तो कोणत्याही ग्रीक शब्दाने मिळाला नसता.

याला लागून येणारा ‘बायोमेट्रिक’ हा शब्द मात्र वेगळ्या रस्त्याने आला आहे, त्याची गल्लत करू नये. गॅल्टन, कार्ल पिअर्सन आणि वेल्डन यांनी १९०१ साली ‘बायोमेट्रिका’ हे नियतकालिक काढले, ते सजीवांच्या गुणधर्मांच्या संख्याशास्त्रीय अभ्यासासाठी. बोट किंवा डोळा दाखवून दार उघडणे, हा आजचा अर्थ त्या शब्दाला संगणकाच्या काळात, बऱ्याच नंतर चिकटला. ठशांवर ग्रंथ लिहिणारे गॅल्टन दोन्हीकडे आहेत, पण त्यांनी स्वतः हे दोन धागे एका शब्दात बांधले नव्हते.

आणि ‘मेट्रिक’ हा शब्द यंत्राच्या बाबतीत चुकीचाही नाही. देशपातळीवर आता जी स्वयंचलित प्रणाली चालते, तिला रेषा दिसत नाहीत. ती प्रत्येक ठशातल्या शेवटांचे आणि दुभंगांचे स्थान व दिशा आकड्यांत मांडते आणि साठ्यातून सर्वांत जवळची काही नावे क्रमाने काढून देते. म्हणजे वुसेतिचने टाकून दिलेली ‘मेत्रिया’ यंत्राच्या पोटात पुन्हा आली आहे. पण त्या नावांतले नेमके कोणाचे, हे आजही पडद्यावर दोन ठसे शेजारी घेऊन माणूसच ठरवतो आणि अहवालाखाली सही त्याचीच असते. निवृत्तीच्या आधी माझ्या शेवटच्या काही प्रकरणांपैकी एकात यंत्राने पहिल्या क्रमांकावर दिलेले नाव चुकीचे निघाले होते. बरोबर माणूस चौथ्या क्रमांकावर होता, आणि तो सापडला भिंगाखाली, कोअरजवळच्या, म्हणजे ठशाच्या केंद्राजवळच्या, एका तुटक्या रेषेवरून.